पहिलं नाव माझं, विहिरी तुझ्या

झेंड्या, तुझ्या शोकसभेत तुझी ओळख माझ्या नावानं करून दिली गेली. विभागप्रमुख बाई माइकवर म्हणाल्या, "डॉक्टर यशवंत झेंडे, हमारे प्रोफेसर आगाशे के पुराने सहयोगी." टेबलावर तुझा फोटो, त्याला गुलाबाचा हार, समोर तीस-चाळीस माणसं. त्यातल्या निम्म्यांनी वळून माझ्याकडे सहानुभूतीनं पाहिलं. मी मान खाली घालून ती सहानुभूती घेतली. तुझ्या वाटणीचं घ्यायची मला सवय आहे.

दोन मिनिटांची शांतता सव्वा मिनिटातच आटोपली, कारण त्याच हॉलमध्ये लगेच नव्या विद्यार्थ्यांचा कार्यक्रम होता. त्याचा बॅनर आधीच लावून झाला होता. 'क्षेत्रीय एवं पर्यावरण अध्ययन: करिअर और शोध के अवसर.' तुझा फोटो नेमका 'अवसर' या शब्दाखाली आला होता आणि ते कुणाच्याही लक्षात आलं नाही. तू शेजारी असतास तर मला कोपरानं ढोसलं असतंस, मग आपण दोघं तोंडावर रुमाल धरून बसलो असतो. मी एकटा होतो. मला हसू आलं नाही, राग आला, आणि तो कुणावर काढावा हे कळेना.

तुला जाऊन आज अठरा दिवस झाले. परीक्षेचं सुपरव्हिजन संपवून, उत्तरपत्रिकांचा गठ्ठा जमा करून तू जिना उतरत होतास. मध्येच पायरीवर बसलास तो उठलाच नाहीस. डॉक्टर म्हणाले, हृदय. पोरं म्हणाली, सर सुबह से कह रहे थे कि हाथ दुख रहा है. मग घरी का गेला नाहीस, हे मी विचारणार नाही. कंत्राटी माणसानं परीक्षेच्या दिवशी घरी जायचं नसतं, कंत्राट वाढवायच्या वेळी ते बरोबर आठवलं जातं. वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी तुझ्या ओळखपत्रावर 'गेस्ट' लिहिलेलं होतं. सव्वीस वर्षं तू त्या इमारतीत पाहुणा होतास आणि पाहुण्याला एकदाही कुणी नीट बसा म्हटलं नाही. मीसुद्धा नाही.

आपण भेटलो ते त्याच इमारतीत, पीएचडीच्या पहिल्या वर्गात. मी दिल्लीतल्याच लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमधला, मंत्रालयात फायली सरकवणाऱ्या बापाचा मुलगा. तू लष्करातल्या हवालदाराचा. सासवडजवळचं गाव, पण वाढलास अंबाला, जबलपूर, झाशी आणि शेवटी दिल्ली कँट. हजेरीत माझं नाव पहिलं आणि तुझं शेवटचं. पहिल्याच आठवड्यात पोरांनी आपल्याला 'ए टू झेड कंपनी' करून टाकलं. तू माझ्यापाशी येऊन म्हणालास, "आगाशे म्हणजे मराठीच ना? चल यार, चहा पाज. चार दिवस झाले, मराठीत शिवी दिली नाही कुणाला." मग मलाच एक दिलीस आणि आपली दोस्ती झाली.

तो विषय तेव्हा नवा होता. क्षेत्रीय आणि पर्यावरण अभ्यास. भूगोल नाही, इतिहास नाही, समाजशास्त्र नाही, या सगळ्यांच्या मधलं काहीतरी. पुढचा जमाना याच विषयाचा आहे, असं आपल्याला शिकवणारे छातीठोकपणे सांगायचे. जमाना आला, नोकऱ्यांच्या जाहिरातीही आल्या, आणि प्रत्येक जाहिरातीत खाली बारीक अक्षरांत लिहिलेलं असायचं, 'संबंधित विषयातील पदवी आवश्यक'. भूगोलवाले तुला म्हणाले, तुमचं एमए इतिहासाचं. इतिहासवाले म्हणाले, तुमची पीएचडी पर्यावरणाची. पर्यावरणवाल्यांनी विचारलं, बीएससी कहाँ है? तू कुणाचाच संबंधित नव्हतास. माझं एमए सुदैवानं भूगोलाचं होतं. त्या एका कागदावर मी आपल्याच विभागात कायम झालो आणि तू माझ्या शेजारच्या खोलीत अकरा-अकरा महिन्यांच्या प्रोजेक्टवर बसलास. मध्ये एक दिवसाचा खंड, म्हणजे तुझ्या नोकरीला सलग म्हणता येऊ नये. त्या खंडाच्या दिवशी तू दाढी करून यायचास आणि म्हणायचास, "आज मी बेकार आहे. चल, फिल्डवर जाऊ."

ते फिल्ड. झेंड्या, माझ्या आयुष्यात जे काही चांगलं घडलं ते त्या धुळीत घडलं. गाझियाबादकडच्या लोणीच्या पुढच्या, हिंडन नदीच्या काठच्या त्या गावांत आपण बंद झालेल्या विहिरी शोधत हिंडत होतो. तलाठ्याच्या नकाशात विहीर असायची आणि जागेवर तीन मजली इमारत. म्हाताऱ्यांना विचारलं की ते प्लॉटचा भाव मनात धरून सरळ हात वर करायचे, यहाँ कभी कोई कुआँ था ही नहीं. मी वहीत 'माहिती उपलब्ध नाही' असं लिहून मोकळा व्हायचो. तू एकदा पुरुषांच्या खाटा सोडून पलीकडे गेलास आणि गोवऱ्या थापणाऱ्या एका आजीच्या शेजारी उकिडवा बसलास. तिला विचारलंस, "अम्मा, बहू को कुआँ पूजने कहाँ ले गए थे?"

तिकडे मुलगा झाला की बाळंतिणीला वाजतगाजत विहिरीवर नेतात. म्हातारी हसली, हात पुसले, उठली आणि आपल्याला थेट एका कोचिंग क्लासच्या मागच्या भिंतीपाशी घेऊन गेली. "मैं यहाँ आई थी. मेरी बहू उस मंदिर वाले पे गई. अब पोते की बहू तो नल पूज लेवे है." तू तिथेच मातीत काडीनं तीन खुणा केल्यास. सासू कुठल्या विहिरीवर गेली, सून कुठल्या, नातसून कुठे. मुलाचं आजचं वय विचारायचं आणि त्यावरून ती विहीर कधी मेली ते काढायचं. नकाशा खोटं बोलेल, तलाठी खोटं बोलेल, पण आपला पहिला मुलगा झाला तेव्हा आपण कुठे गेलो होतो हे कुठलीही बाई विसरत नाही. एवढी साधी आणि एवढी पक्की पद्धत मी त्यापूर्वी पाहिली नव्हती, त्यानंतरही नाही. ती पूर्णपणे तुझी होती. मी तिथे उन्हात उभा राहून बाटलीतलं पाणी पीत होतो, हे आता लिहून ठेवतो.

पहिला लेख तयार झाला तेव्हा नावांचा प्रश्न आला. कँटीनमध्ये तूच म्हणालास, "दोघांचं काम, दोघांची नावं, एबीसीडीप्रमाणे. एकदाच ठरवू, पुन्हा यावर डोकं लावायचं नाही." मी अर्थातच लगेच हो म्हटलं. आगाशेनं आणखी काय म्हणायचं? त्या काळी आपल्या पिढीत हे फार सभ्य मानलं जायचं. माझं नाव आधी की तुझं, यावर भांडणारे लोक आपल्याला हलके वाटायचे. आपण सात लेख लिहिले, सातही लेखांवर आगाशे आणि झेंडे. कल्पना तुझी, गावं तुझी, बायका तुझ्याशी बोललेल्या. तक्ते माझे आणि इंग्रजी माझं.

मग एका परिषदेत कुणीतरी स्टेजवरून 'आगाशे मेथड' असा शब्द वापरला. मी दुसऱ्या रांगेत होतो, तू मागे. मला उठून सांगता आलं असतं. एका वाक्याचं काम होतं. मी शेजारच्या माणसाकडे पाहून ओशाळल्यासारखं हसलो, जे लोकांना विनय वाटलं. चहाच्या वेळी तू म्हणालास, "ऐकायला बरं वाटतं रे. आणि तुझं आडनाव लोकांच्या तोंडात पटकन बसतं." तुझ्या बोलण्यात खोच नव्हती. मी शोधली, अजूनही अधूनमधून शोधतो, पण नव्हती. त्यानंतर तो शब्द रूढ झाला. विद्यार्थी परीक्षेत 'आगाशे मेथड' समजावून सांगायचे आणि ते पेपर तू तपासायचास.

आपलं एक खरं भांडण होतं आणि ते कामावरून होतं. तू पहिल्याच लेखात एक परिच्छेद लिहिला होतास. ही पद्धत फक्त मुलगे मोजते, असं त्यात होतं. ज्या बाईला मुलीच झाल्या तिला कुणी विहिरीवर नेलं नाही, म्हणून आपल्या नकाशातून ती बाई गळते आणि तिनं ज्या विहिरीचं पाणी भरलं ती विहीरही गळते. शब्दमर्यादा ओलांडत होती म्हणून मी तो परिच्छेद काढला. तू म्हणालास, "अरे, तोच तर लेख आहे. बाकीचं सगळं त्याची प्रस्तावना." मी म्हणालो, पुढच्या लेखात घेऊ. पुढच्या सहाही लेखांत मी हेच म्हणालो. तू दर वेळी चिडायचास, दोन दिवस बोलायचा नाहीस, आणि तिसऱ्या दिवशी डबा घेऊन माझ्या खोलीत यायचास.

तुझी मुक्ता झाली तेव्हा मात्र तू मला जिंकलंस. सव्वा महिन्यानं वहिनींना आणि त्या इवल्याशा गाठोड्याला घेऊन तू त्याच गावात गेलास आणि त्या आजीला म्हणालास, "अम्मा, छोरी हुई है. कुआँ पूजना है." बायका तोंडावर पदर घेऊन हसल्या. एक म्हणाली, लड़की का कौन पूजे है? तू म्हणालास, हम महाराष्ट्र वाले पूजते हैं. शुद्ध थाप होती. सासवडात असलं काही नसतं, वहिनी नंतर किती हसल्या होत्या! पण त्या बायकांनी गाणी म्हटली, हापशाला हळदीकुंकू वाहिलं, आणि मी मुक्ताला हातात धरून उभा होतो. त्या दिवशी तुझा मित्र असण्याचा मला जेवढा अभिमान वाटला तेवढा नंतर स्वतःच्या कुठल्याही सत्काराचा वाटला नाही. हे तुला सांगायचं राहिलं. राहिलेल्या गोष्टींतली ही त्यातल्या त्यात बरी.

दुसरी बरी नाही.

पुढे वरून नियम आले. नेमणुकीसाठी लेखांना गुण, आणि एका लेखाचे गुण लेखकांत वाटताना पहिल्या नावाला मोठा वाटा. आपण सभ्यपणे लावलेली एबीसीडी एका रात्रीत माझी मिळकत झाली. त्याच सुमारास आपल्याच विभागात एक कायम जागा निघाली. आपलाच विभाग, त्यामुळे तुझी पदवी इथे तरी संबंधित होती. तू हिशेब केलास आणि तुला थोडे गुण कमी पडत होते. तू माझ्या खोलीत आलास. इतक्या वर्षांत तू माझ्याकडे काही मागितलं नव्हतंस, त्यामुळे तुला मागता येत नव्हतं. टेबलावरचा पेपरवेट फिरवत बसलास.

"एक पत्र देशील का? दोनच ओळी, यार. लेटरहेडवर. सगळ्या लेखांत दोघांचं काम सारखं आहे, नावं फक्त अल्फाबेटिकली आहेत. बस."

"बिल्कुल," मी म्हणालो. "उद्या देतो."

तू गेल्यावर मी खण उघडला. त्यात माझा स्वतःचा प्रोफेसरपदासाठीचा अर्ज भरून ठेवलेला होता. सातही लेखांपुढे मी 'प्रमुख लेखक' या रकान्यात खूण केली होती आणि त्याप्रमाणे गुण घेतले होते. तुझं दोन ओळींचं पत्र त्याच ऑफिसात, त्याच बाबूच्या टेबलावर जाणार होतं. ते खरं ठरलं असतं तर माझा अर्ज खोटा ठरला असता. मी पूर्ण दुपार त्या दोन कागदांकडे बघत बसलो. अर्ज बदलायचा, वर्षभर थांबायचं, पुन्हा भरायचा, एवढंच करायचं होतं. ते माझ्या जिवावर आलं.

मी तुला दीड पानाचं पत्र दिलं. डॉ. झेंडे अत्यंत मेहनती आहेत, विद्यार्थिप्रिय आहेत, त्यांचा क्षेत्रीय अनुभव दांडगा आहे, ते माझे अनेक वर्षांचे विश्वासू सहकारी आहेत. सगळं होतं. त्या दोन ओळी नव्हत्या. तू पार्किंगमध्ये कडुलिंबाखाली उभ्या उभ्या वाचलंस, शेवटपर्यंत वाचलंस, परत वर जाऊन पहिला परिच्छेद पाहिलास. मग म्हणालास, "छान लिहिलंयस. तुझं इंग्रजी चांगलंच आहे." पत्र प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये सरकवलंस आणि स्कूटर चालू केलीस. तुला मुलाखतीला बोलावलं नाही. यादीत तुझ्या नावापुढे 'गुण अपुरे' असा शेरा होता. दोन महिन्यांनी मी प्रोफेसर झालो आणि पेढे वाटले. तू दोन घेतलेस.

त्या दिवाळीला मी नेहमीप्रमाणे गाझियाबादला तुमच्याकडे फराळाला आलो. वहिनी चकल्यांचं ताट पुढे करत म्हणाल्या, "भाऊजी, यांची डिग्री म्हणे इथंही चालत नाही. आपल्याच डिपार्टमेंटात चालत नाही म्हणजे काय हो?" मी तुझ्याकडे पाहिलं. तू चकली मोडत होतास. मान वर न करता म्हणालास, "अगं, नियमच तसे आहेत. हो ना रे?" आणि मी म्हणालो, "हो वहिनी, नियमच तसे आहेत." तू घरच्यांपुढे मला झाकलंस, झेंड्या. तुझ्या बायकोला, तुझ्या पोरीला तू खोटं सांगितलंस, म्हणजे मला दर दिवाळीला तुझ्या घरात तोंड वर करून बसता यावं. मी बसलो. चकल्या खाल्ल्या आणि डबा भरूनही नेला.

माझा तुझ्यावरचा राग नेमका इथे आहे. तू भांडला असतास, शिव्या दिल्या असत्यास, त्या फोल्डरमधलं पत्र माझ्या तोंडावर फेकलं असतंस, तर मी काहीतरी केलं असतं. निदान उलटून भांडलो असतो. तू काहीच केलं नाहीस आणि मला तसाच ठेवलंस. आपण त्यानंतर सगळ्या विषयांवर वाद घातले, गेलेल्या परिच्छेदावर, प्रदूषणावर, क्रिकेटवर, वहिनींच्या आमटीत गूळ जास्त आहे की नाही यावर. त्या पत्रावर एक अक्षर नाही.

एकदा मीच धीर केला. संक्रांतीला महाराष्ट्र मंडळाच्या बसनं आपण पानिपतला, काला अंबच्या स्मारकावर गेलो होतो. लोक घोषणा देत होते, कुणी फेट्यात फोटो काढत होतं, आणि तू नेहमीप्रमाणे तिथल्या माळ्याला विचारत होतास की इथे जवळपास जुना कुआँ कहाँ था. मी तुला बाजूला घेतलं आणि म्हणालो, "इथून पुढे तुझं नाव आधी टाकू."

तू हातावर तिळगूळ ठेवलास. "आता कशाला?"

"कशाला म्हणजे? तुला उपयोग होईल."

"आता पन्नाशी झाली, आगाशे. आता कुणी घेत नाही. आणि आपण एकदा ठरवलंय ना? तुझी सोय झाली तेव्हा एबीसीडी आणि आता तुला बरं वाटावं म्हणून उलटं, असं नको करू."

तेवढंच. आपल्या सगळ्या वर्षांत त्या प्रकरणावर तू बोललेलं हे एकच वाक्य. मग तू बसकडे चालायला लागलास. मी तिळगूळ तोंडात टाकला आणि तुझ्या मागून आलो. त्यानंतर मी फिल्डवर यायचं हळूहळू बंद केलं. कमिट्या असतात, मीटिंगा असतात. खरं म्हणजे त्या बायकांसमोर तुझ्या शेजारी उभं राहायची लाज वाटायला लागली होती. गेली सहा वर्षं तू एकटा जात होतास, कधीमधी मुक्ताला घेऊन.

गेल्या वर्षीच्या ओरिएंटेशनला मी स्टेजवरून अवसरांची यादी वाचत होतो, संशोधन संस्था, प्रदूषण मंडळं, सल्लागार कंपन्या, परदेशी फेलोशिप. एका मुलीनं हात वर करून विचारलं, सर, जॉब मिल जाता है? मी गडबडलो आणि म्हणालो, झेंडे सर बताएँगे. गैरसोयीचं काही आलं की ते तुझ्याकडे ढकलायची रीतच होती. तू मागच्या रांगेतून उभा राहिलास. "बेटा, इस फील्ड में काम बहुत है. ज़िंदगी भर का काम है. नौकरी कम है. दोनों को एक मत समझना, फिर दुख नहीं होगा." पोरांनी टाळ्या वाजवल्या. तुला दुःख झालं नव्हतं, असं त्यांना वाटलं असेल.

तुझ्या तेराव्यानंतर दोन दिवसांनी मुक्तानं मला बोलावलं. चोवीस वर्षांची झाली ती. एमएस्सी करून गुडगावच्या एका सल्लागार कंपनीत आहे, तुला माहीतच आहे, टाऊनशिपच्या परवानगीचे रिपोर्ट लिहिते, त्या जमिनीवर पाण्याचं काही नव्हतं आणि नाही असं सिद्ध करणारे. तू त्यावरून तिच्याशी कधी भांडला नाहीस म्हणे. ती मला म्हणाली, "काका, मैं छोड़ रही हूँ. मला पीएचडी करायची आहे, बाबांच्याच टॉपिकवर. फॉर्म भरलाय. दो रेकमेंडेशन लेटर चाहिए. एक तुमचं हवं. तुमच्यापेक्षा बाबांचं काम कोण जास्त जाणतं?" मी हो म्हटलं. 'बिल्कुल' हा शब्द माझ्या तोंडून निघाला नाही, एवढंच.

मग तिनं तुझा लॅपटॉप उघडून दाखवला. लेख पूर्ण होता, फक्त पाठवायचा राहिला होता. तोच परिच्छेद, आता तीस पानांचा झालेला. फक्त मुली झालेल्या बायका. तू त्यांच्या घरोघरी जाऊन विचारलं होतंस, पूजा नहीं हुई, ठीक है, पानी कहाँ से लाती थीं? नकाशावर कितीतरी नव्या विहिरी उगवल्या होत्या. आपल्या सातही लेखांचे तक्ते त्यात चुकीचे ठरत होते. आणि वर लेखकांची नावं होती. आगाशे, झेंडे.

मी त्यातलं एक अक्षर लिहिलेलं नाही. त्यातल्या एकाही गावात मी गेलेलो नाही. मी मुक्ताला म्हणालो, "माझं नाव काढ यातून."

"क्यों?" ती म्हणाली. "बाबांनी टाकलंय ना. मी विचारलं होतं त्यांना, काका तर येत नाहीत. ते बोलले, आमचं ठरलंय."

वहिनी दारात उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "असू दे की भाऊजी. त्यांची तेवढी इच्छा होती." मला तिथे बसवेना. सांगतो नंतर, असं म्हणून मी उठलो. घरी आलो आणि हे लिहायला बसलो. महाराष्ट्र मंडळाच्या अंकात तुझ्यावर लिहा म्हणून संपादकांचा फोन येऊन गेलाच होता. चार बऱ्या आठवणी लिहून मोकळं होता आलं असतं. दीड पान माझ्या हातचा मळ आहे.

इथवर लिहिलेलं मी काल गाझियाबादला जाऊन मुक्ताला वाचून दाखवलं. छापलेलं मराठी तिला सावकाश वाचता येतं, आणि तिनं हे एकटीनं अडखळत वाचावं असं मला वाटेना. वहिनीही शेजारी बसल्या होत्या. गोवऱ्या थापणाऱ्या आजीपाशी मुक्ता हसली. हापशाच्या पूजेला तिनं डोळे पुसले. पत्राचा भाग आला तेव्हा मी थांबलो नाही, थांबलो असतो तर पुढे वाचलं नसतं. मी वाचून संपवल्यावर वहिनी उठून आत गेल्या आणि बाहेर आल्या नाहीत.

"बाबांना माहीत होतं?" मुक्तानं विचारलं.

"हो."

"दोन ओळी होत्या फक्त?"

"दोनच."

तिनं लॅपटॉप पुढ्यात ओढला. मग तिनं तो लेख उघडला, माझं नाव खोडलं, मला दाखवलं आणि सेव्ह केलं. "हे छापा, काका," ती म्हणाली. "काहीच काटू नका. और वो लेटर रहने दीजिए. मैं किसी और से ले लूँगी."

मी बरं म्हणालो. झेंड्या, ते पत्र माझ्या बॅगेत होतं. सकाळीच लिहून, सही करून नेलं होतं. त्यात पहिल्याच परिच्छेदात लिहिलं होतं की ही पद्धत यशवंत झेंडे यांची आहे.